झेंडूमागचा पिवळा दिवा

त्या मशीनला हार मी घातला. दुसऱ्या कुणी नाय. साहेब पुढं लोकांना सांगायचे की स्टाफनं घातला, आणि मॅडम म्हणायच्या की आपण सगळ्यांनीच घातला. पण गुलमंडीच्या बाजारातून फुलं मी आणली, सुईदोरा माझा, गाठही माझीच. आता या वयात ते लपवून कुठं नेऊ.

मी चौथी शिकलो. अक्षर माझं बरं आहे, आकडे तर छापल्यासारखे येतात. लासूर स्टेशनच्या पलीकडं आमचं गाव. तिथं माझं अर्धं आयुष्य विहिरींवरची इंजिनं आणि मोटारी चालवण्यात, खोलण्यात, जोडण्यात गेलं. बेअरिंग जायच्या आठ दिवस आधी मला आवाजावरून कळायचं. पंचक्रोशीत माझं नाव होतं, आणि ते मी फुकट कमावलेलं नव्हतं. मग दुष्काळाची सालं एकामागं एक लागली. विहिरी कोरड्या पडल्या. कोरड्या विहिरीवर इंजिन कोण चालवणार? मी आणि बायको शहरात आलो.

शहराच्या कडेला तेव्हा रोज नवी वस्ती उठत होती. काल ज्वारीचं रान, आज गुंठ्यागुंठ्याचे प्लॉट, महिन्याभरात पत्र्याची घरं. घरं आली, पण नळ आला नाही. प्रत्येक दारात दोन निळे ड्रम, आणि टँकर येईल तेव्हा पाणी. अशा वस्त्यांना टँकर पाठवणारं एक खासगी ऑफिस औरंगपुऱ्यात एका दुकानाच्या माडीवर होतं. तिथं मला शिपायाची नोकरी लागली. कुणी विचारलं तर मी शिपाई म्हणत नसे, मशीनवाला म्हणत असे. त्यात खोटं काही नव्हतं, कारण एसीच्या छोट्या खोलीतलं ते मशीन माझ्याच ताब्यात होतं.

त्या मशीनवर डेटाबेस होता. ते काय असतं, हे मला मॅडमनी सांगितलं. मॅडम म्हणजे तिशीतली पोरगी, पण डोकं लई चलाख. त्यांचे आजोबा निजामाच्या कचेरीत उर्दूत फायली लिहायचे, वडीलही कारकून. त्यामुळं नीट लिहून ठेवायची खोड त्यांच्या रक्तातच होती.

"काका," त्या म्हणाल्या, "कुणाच्या दारात कुठला टँकर कुठल्या दिवशी जाणार, हे सगळं या चार डिस्कवर मांडून ठेवलंय. विचारलं की मशीन शोधून देतं. डिस्क गेली की यादी गेली."

"चार कशाला?"

"दोन-दोनच्या जोड्या आहेत. यादी दोन्ही जोड्यांत निम्मी-निम्मी वाटलेली. एकीवर जे लिहिलं तेच तिच्या जोडीदारणीवर. एक गेली तरी दुसरी सांभाळून घेते."

मशीनच्या तोंडावर चार खण होते. प्रत्येक खणात एक डिस्क आणि खणावर एक बारका दिवा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे आजारी. मॅडमनी मला एक रजिस्टर आखून दिलं. दर दोन तासांनी खोलीत जायचं, दिवे बघायचे, आणि भिंतीवरच्या पडद्यावरून तीन आकडे उतरवायचे. मिनिटाला किती कामं आली, एका कामाला डिस्कनं किती वेळ लावला, आणि जागा किती उरली.

मला हसू आलं. "मॅडम, ही तर विहीरच की. किती घागरी भरल्या, एका घागरीला किती वेळ लागला, आणि तळ किती लांब हाय."

"विहीरच आहे काका. फक्त डोकावून दिसत नाही, म्हणून आकडे लिहायचे."

साहेबांना मात्र हे रजिस्टर म्हणजे पोरखेळ वाटायचा. ते म्हणायचे, "मशीन बिघडलं की मशीनच ईमेल पाठवतं. त्यात माणसाचं काय काम?" मी माझं रजिस्टर लिहायचो, आणि एक दिवस चुकवला नाही.

त्या साली पावसानं दगा दिला, पोळ्यालाच टँकरच्या फेऱ्या वाढल्या. दसऱ्यापर्यंत ऑफिसच्या जिन्यात रोज गर्दी. आमच्यात खंडे नवमीला हत्याराची पूजा चुकत नाही, आणि ज्याचं पोट ज्याच्यावर, तेच त्याचं हत्यार. गावात मी इंजिनला हार घालायचो. इथं मशीनला घातला. मॅडम तेव्हा आठ दिवस सासरी गेल्या होत्या. त्या असत्या तर त्यांनी घालू दिला असता का, हे मी नंतर त्यांना कधी विचारलं नाही.

पाण्याविना झेंडू बारीक आला होता. म्हणून मी जास्त फुलं घेतली आणि मनगटाएवढा जाड हार ओवला. मशीनला हळदकुंकू लावलं, हार तोंडावरून आडवा बांधला. साहेबांनी लांबून हात जोडले. आमच्या घरची रीत अशी की पूजेचा हार कोमेजून आपण होऊन गळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. एसीच्या गारव्यात फुलं लवकर कोमेजत नाहीत. हार राहिला.

त्याच आठवड्यात दोन नव्या वस्त्या आमच्या ऑफिसकडं आल्या. खिडकीवर लोक यायचे, घर नंबर आणि माणसं सांगायचे, खिडकीमागं बसलेल्या ऑफिसातल्या पोरी ते थेट मशीनमध्ये टाकायच्या आणि हातात एक चिठ्ठी द्यायच्या. चिठ्ठीवर नुसता नंबर. कुठलं घर, कुठला वार, हे सगळं मशीनमध्ये.

त्या रांगेत माझ्या बायकोची चुलत बहीण होती. नवरा गेलेला, पदरात दोन लेकरं, वस्तीच्या पार टोकाला घर. टँकरपाशी धक्काबुक्की झाली की तिचा ड्रम रिकामा राहायचा, कारण ती अंगानं काडी. तिला मीच घेऊन आलो होतो. तिला सांगितलं होतं की एकदा मशीनमध्ये नंबर गेला की तो कुणाच्या बापाला खोडता येत नाय.

"दाजी," ती चिठ्ठी पदराला बांधत म्हणाली, "तुमच्या मशीनला माझं नाव पाठ हाय ना?"

"त्याला सगळ्यांचं पाठ हाय."

"तुम्हाला तर माझ्या लेकीचं बी नाव आठवत नाय. मशीन तुमच्यावर गेलं नसलं म्हणजे बरं."

रांगेतल्या बाया हसल्या. मीही हसलो. तिचा वार गुरुवारचा लागला होता, पुढल्या आठवड्यापासून.

आता त्या दिवसांतलं रजिस्टर सांगतो. दिव्यांच्या रकान्यात मी रोज 'हिरवे' लिहिलं. दोन दिवे हाराच्या वर दिसत होते, दोन फुलांखाली होते. दिसतात ते हिरवे, म्हणजे झाकलेलेही हिरवेच, असं मी धरून चाललो. पडद्यावरचे आकडे मात्र खरे उतरवले. वेळेच्या रकान्यात एरवी आठ, नऊ असायचं. दसऱ्यानंतर तिथं तीस आलं, मग पन्नास, मग नव्वद. मी ते नव्वद सुबक अक्षरात लिहिलं आणि रजिस्टर मिटलं. लिहिलं म्हणजे काम झालं, असं मला वाटत होतं.

आवाजही आला होता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खोलीत बारीक टिकटिक ऐकू आली. मी मान वळवली, एसीकडं बघितलं आणि बाहेर आलो. आवाजाचा रकानाच नव्हता. हे लिहिताना आजही कान तापतात.

सोमवारी मॅडम आल्या. त्यांची सवय अशी की पर्स ठेवायच्या आधी रजिस्टर उघडायचं. पान उलटलं आणि बोट एका जागी थांबलं.

"काका, हे नव्वद बरोबर आहे?"

"आकडा चुकवीत नाय मी. लोकं वाढलीत, मॅडम."

"लोकं वाढली असती तर कामांचा आकडा वाढला असता. तो तेवढाच आहे, हे बघा. घागरी तेवढ्याच, पण प्रत्येक घागरीला दहापट वेळ. दिवे?"

"हिरवे."

"चारही?"

"चारही," मी म्हणालो. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आणि माझा आवाज नको तेवढा मोठा निघाला.

त्या लॅपटॉप उघडायला टेबलाकडं गेल्या. मी खोलीत गेलो. हाराखाली बोटं घातली तर आतली हवा चुलीपुढच्यासारखी. हार वर उचलला. तिसऱ्या खणाचा दिवा पिवळा होता. त्या झेंडूत तो इतका मिसळला होता की दोन हातांवरून तेही एक फूलच वाटावं.

दार अर्धं लोटलेलं होतं. मला कुणी बघत नव्हतं. हार पिशवीत कोंबून बाहेर येऊन 'आत्ताच पिवळा झाला' म्हणालो असतो तर कुणाला कळलं नसतं. इतक्या वर्षांत मशीनचं दुखणं मी कुणापासून लपवलं नव्हतं, पण इतक्या वर्षांत मी असा तोंडघशीही पडलो नव्हतो. खरं सांगतो, मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. मग ती पदराला बांधलेली चिठ्ठी आठवली. हा पिवळा किती दिवसांचा आहे हे मॅडमना कळलं नाही, तर त्या इलाजही चुकीचा करतील.

"मॅडम, इकडं या," मी हाक मारली. "चारही नाय. तीनच हिरवे हायेत. तिसरा कधीपास्नं पिवळा हाय, मला ठाऊक नाय. हारानं झाकला व्हता, आणि मी न बघता लिहिलं."

त्या आत आल्या. मशीनवर पालथा हात ठेवला आणि चटकन काढला. हाराकडं त्यांचा हात गेला तसा मी म्हणालो, "थांबा. घातला मी, काढतो मी." आणि काढला.

मग त्यांनी लॅपटॉपवर बघून सगळं सांगितलं. तिसरी डिस्क दसऱ्याच्या दिवसातच मेली होती. ती जुनी होती, ती जाणारच होती. तिची जोडीदारीण, चौथी, तेव्हापासून एकटी ओझं ओढत होती, आणि हारानं तिची हवा अडवली होती. डिस्क आपली तब्येत आपणच लिहून ठेवते. किती तापली, वाचायला गेल्यावर किती जागा खराब निघाल्या. खराब जागा सकाळी अकरा होत्या. आम्ही बोलत होतो तेवढ्यात एकोणीस झाल्या.

"आणि ते ईमेल?"

"ते जात होते काका. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर."

"नक्कल हाय ना आपली?"

दर शनिवारी मॅडम सगळ्या यादीची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवायच्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली. गेल्या शनिवारी त्या नव्हत्या. म्हणजे दसऱ्यानंतर झालेल्या सगळ्या नोंदण्या, त्या दोन वस्त्या, ती गुरुवारची चिठ्ठी, एवढं सगळं त्या एका तापलेल्या डिस्कवर अडलं होतं. ते गेलं तर पुन्हा रांग, आणि पुन्हा ज्याच्या दंडात जोर त्याचा ड्रम पहिला.

साहेब आले. "चालू आहे ना मशीन? मग चालू राहू द्या. दुपारी मला सहा महिन्यांचा रिपोर्ट पाहिजे."

"साहेब, तो रिपोर्ट काढायला अख्खी डिस्क वाचावी लागते," मॅडम म्हणाल्या. "आज तो काढला तर उद्या काढायला काही राहणार नाही."

साहेब केबिनकडं वळले. मॅडम नक्कल लावायला बसल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग, चार तास. तिथं मला राहवलं नाही.

"मॅडम, असं करू नका."

"का?"

"दुष्काळात झरा आटलेल्या विहिरीवर मोटार लावली की आम्ही एका दमात उपसत नव्हतो. वीस मिनिटं ओढायचं, बंद करायचं. पाणी गोळा व्हायचं, मोटार निवायची. ज्यानं हावरटपणा केला त्यानं गाळ ओढला आणि मोटार जाळली. आणि पहिला उपसा प्यायच्या पाण्याचा. मग जनावरं. मग रान."

त्यांची बोटं थांबली. "सलग लावलं तर नव्या नोंदण्या सगळ्यात शेवटी येतात," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडं बघितलं. "प्यायचं पाणी म्हणजे त्याच की. आधी त्या घेऊ."

नोंदणीची खिडकी बंद केली. जिन्यातले लोक कुरकुरले. मॅडमनी एकेक तुकडा ओढायला घेतला, आणि मी डिस्कचं तापमान मोठ्यानं वाचायला उभा राहिलो. चोपन्न. पंचावन्न. त्या खोलीचा एसी मेल्या जीवाचा होता. साहेबांच्या केबिनचा तगडा. मी केबिनचं दार सताड उघडलं, मधे टेबलफॅन ठेवला आणि त्याचं तोंड मशीनकडं केलं.

"अहो, माझी हवा गेली की सगळी," साहेब म्हणाले.

"साहेब, तुम्हाला घाम आला तर रुमाल हाय. त्याच्याकडं नाय."

त्यांनी रुमाल काढला. खरं सांगायचं तर दार त्यांनी पुन्हा लावलं नाही, हे त्यांच्या नावावर लिहायला पाहिजे. तापमान सत्तेचाळिसावर आलं.

जेवणाच्या सुट्टीआधी नव्या नोंदण्या निघाल्या. मी सांगितलं तसं मॅडमनी त्यात माझ्या मेहुणीचं घर मुद्दाम शोधून दाखवलं. घर शेवटचं, माणसं तीन, वार गुरुवार. मग वारांची मोठी यादी काढायला घेतली. ती निम्मी झाली आणि टिकटिक आली. ह्या वेळी मी एसीकडं बघितलं नाही. पिशवीतून पाना काढावा तसा स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक खणाच्या पट्टीला हलकं टेकवलं आणि मूठ कानाला लावली. इंजिनाचं बेअरिंग आम्ही असंच ऐकायचो.

"थांबवा."

त्यांनी थांबवलं. का म्हणून विचारलं नाही. अर्धा तास आम्ही दोघं खोलीच्या उंबऱ्यात बसून राहिलो. त्यांनी डबा उघडला, अर्धी पोळी मला दिली.

"काका, हार नसता तरी तिसरी डिस्क गेलीच असती," त्या म्हणाल्या.

"चौथी तापली नसती."

"नसती," त्या म्हणाल्या. समजूत घातली नाही, ह्याचं मला बरं वाटलं.

आवाज निवला. पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा थांबा. उन्हं कलली तेव्हा वारांची यादी पूर्ण हातात आली. मग बाकीचं. जुन्या फेऱ्यांच्या टिपणांतले दोन तुकडे निघाले नाहीत ते नाहीतच. गेल्या साली कुठला टँकर कुठल्या रस्त्यानं गेला, एवढंच त्यात होतं. पाचच्या सुमाराला चौथा दिवाही पिवळा झाला, आणि टिकटिक एकदम बंद पडली. मशीन मेलं होतं. यादी मॅडमच्या पुढ्यात होती.

नव्या डिस्क यायला दोन दिवस लागले. तोवर मॅडमच्या लॅपटॉपवरून टँकर सुटले. साहेबांनी मला बोलावून विचारलं, 'हिरवे' कुणी लिहिलं? मी म्हणालो, मी. ते म्हणाले, माणूस बदलायला पाहिजे. मॅडम तिथंच होत्या.

"बदला," त्या म्हणाल्या. "पण ह्यांनी हाक मारली म्हणून यादी राहिली. नवा माणूस हाक मारेल का, तेवढं बघून घ्या."

साहेब कागदात बघू लागले. तो विषय पुन्हा निघाला नाही.

गुरुवारी मी ऑफिसला जायच्या आधी वस्तीच्या टोकाला गेलो. टँकर आला. ड्रायव्हरनं कागद बघून आवाज दिला, आणि माझ्या मेहुणीनं पाइप ड्रममध्ये सोडला. मागं उभे असलेले दोन दांडगे गडी बघत राहिले, पण कागदावर तिचा नंबर आधी होता. पहिला ड्रम काठोकाठ, मग दुसरा.

"दाजी, पाठ व्हतं म्हणायचं तुमच्या मशीनला."

"विसरत चाललं व्हतं," मी म्हणालो. "माझ्यामुळं. मॅडमनी वदवून घेतलं."

तिला सगळं सांगितलं. हाराचंही. ती ड्रमवर झाकण ठेवत ऐकत होती.

"म्हणजे तुम्ही देवाचं करायला गेलात आणि माझंच पाणी तोडत व्हतात," ती म्हणाली. "बसा आता. चहा टाकते. पाणी हाय."

रजिस्टर बदललं. दिव्यांना एकच रकाना होता तिथं चार झाले, प्रत्येक खणाला एक. आवाजाचा रकाना मी मागून घेतला. आणि शेवटी मॅडमनी स्वतःसाठी एक आखला. वर लिहिलं 'वाचलं', आणि रोज संध्याकाळी त्यात सही. लिहिणारा आणि वाचणारा, दोघांची नावं एका ओळीत. तक्रारीचे ईमेल आता त्यांच्याकडं आणि साहेबांकडं, दोघांकडं जाऊ लागले. साहेब रजिस्टरला पोरखेळ म्हणायचे थांबले. एकदा तर मी त्यांना एकटेच त्या खोलीत दिवे मोजताना बघितलं. मला बघून म्हणाले, एसी बघत होतो.

पुढल्या दसऱ्याला मी हार दाराच्या चौकटीला बांधला. मशीनच्या डोक्यावर एकच फूल, तोंडावर काही नाही. आणि पूजेच्या आधी दिवे मोजले, पूजेनंतर पुन्हा मोजले.

मी नोकरी सोडून आता बरीच वर्षं झाली. आमच्या गल्लीत यंदा नळाची चर खोदलीय. पाइप पडलेत, पाणी कधी सुटेल ते बघू. निळे ड्रम मी अजून काढलेले नाहीत. मॅडम आता मोठ्या जागी आहेत, खोलीभर मशीनं त्यांच्या हाताखाली. दरसाल खंडे नवमीला त्यांचा फोन येतो.

"काका, फूल ठेवलं. दिवे मोजले. सगळे हिरवे."

"आणि आवाज?"

"आता आवाज नसतो काका. नव्या डिस्कमध्ये फिरणारं काही नाहीच. एकदम गप्प."

गप्प मशीन मला कधीच आवडलं नाही.

"मग आकडे रोज वाचत जा," मी म्हणालो. "नुसते लिहू नका."

"वाचते काका," त्या म्हणाल्या. "रकाना आहे त्याला."